निवलेलं आणि निवल्यासारखं

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. प्रयोगशाळेच्या टोकाला न्यूक्लिअर मॅग्नेटिक रेझोनन्सचं एक जुनं यंत्र होतं. दोन जाडजूड ध्रुवांचा चुंबक, त्यांच्या फटीत बोटाएवढी काचेची नळी, नळीत पाणी आणि शेजारी हिरवी रेषा काढणारा ऑसिलोस्कोप. रेडिओलहरींचा क्षणभराचा झटका दिला की पाण्यातले प्रोटॉन (प्रत्येक जण जणू एक इवलासा चुंबक, त्यालाच स्पिन म्हणतात) एकदम आडवे व्हायचे आणि भोवऱ्यांसारखे एका तालात फिरायला लागायचे. त्या तालाची लाट पडद्यावर उंच उठायची आणि बघता बघता ओसरायची. चार-पाच मिलिसेकंदांत रेषा सपाट. मी वहीत लिहिलं, "सिग्नल संपला. स्पिन समतोलात आले."

सर मागे उभे होते. "समतोलात आले हे तुला कोणी सांगितलं?"

"रेषा सपाट झाली ना, सर."

"मग रेषा सपाट झाली एवढंच लिही."

त्यांनी एक खटका दाबला, एक बटण थोडं फिरवलं. आता पहिल्या झटक्यानंतर १० मिलिसेकंदांनी दुसरा झटका जात होता. लाट उठली, ओसरली, रेषा सपाट झाली. दुसऱ्या झटक्याची बारीक टोचणी दिसली, पुन्हा सपाट. आणि मग पहिल्या झटक्यापासून बरोबर २० मिलिसेकंदांवर, जिथे बाहेरून काहीच दिलेलं नव्हतं तिथे, रेषा आपोआप फुगली, उंच झाली आणि मावळली. मी दुसरा झटका १२ मिलिसेकंदांवर नेला. फुगवटा २४ वर सरकला. १५ वर नेला, तो ३० वर गेला, जरासा बुटका होऊन. कितीतरी वेळ मी तेच करत बसले होते. वहीतलं दुसरं वाक्य खोडलं तेव्हा सर निघून गेलेले होते.

याला स्पिन एको म्हणतात. एर्विन हान यांनी तो १९५० मध्ये जगापुढे मांडला आणि आज एमआरआयच्या प्रत्येक यंत्रात तो रोजच्या कामाचा आहे. घडतं ते असं. चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे अगदी सारखं नसतं. कुठे केसभर जास्त, कुठे केसभर कमी. त्यामुळे काही प्रोटॉन जरा भरभर फिरतात, काही जरा हळू. एकत्र पळायला सुटलेले धावपटू वर्तुळाकार धावपट्टीवर थोड्या वेळानं विखुरतात, तसे ते विखुरतात. ज्यानं सुरुवात पाहिली नाही त्याला वाटावं, ही माणसं अशीच वाटेल तिथे उभी आहेत. दुसरा झटका या विखुरलेल्या घोळक्याची अदलाबदल करतो. जो जितका पुढे होता तो तितकाच मागे जातो, मागचा तितकाच पुढे येतो, वेग मात्र ज्याचा त्याच्याकडेच राहतो. मग जितका वेळ पांगायला लागला तितक्याच वेळात सगळे पुन्हा एका रेषेत येतात. पांगापांग दिसत होती तेव्हाही शिस्त मोडलेली नव्हती. प्रत्येकाच्या जागेत त्याचा वेग लिहिलेला होता, आणि ते लिखाण वाचायची सोय ऑसिलोस्कोपच्या रेषेत नव्हती.

जोसेफ लोश्मिट यांनी १८७६ मध्ये बोल्ट्झमनना हेच विचारलं होतं. रेणूंचे सगळे वेग एका क्षणी उलटे केले तर वायू आल्या वाटेनं परत जाईल, मग एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, नेहमी वाढते असं कशाच्या जोरावर म्हणता? त्या काळी तो कागदावरचा आक्षेप होता. हान यांच्या दुसऱ्या झटक्यानं तो हातात धरता येईल असा झाला.

पुढे कळलं की सरांच्या त्या एका वाक्यामागे आणखी मोठी गोष्ट होती. हान यांच्या प्रयोगात प्रोटॉन एकमेकांशी फारसे बोलत नाहीत, प्रत्येक जण आपापल्या नादात फिरतो. घन पदार्थातले स्पिन मात्र शेजाऱ्यांना सतत ओढत-ढकलत असतात. तिथे लाट ओसरली की स्पिन खरोखरच निवले, त्यांना स्वतःचं एक तापमान आलं, असं मानायची पद्धत होती. त्या गृहीतकाला स्पिन-तापमानाचं गृहीतक असं नावच होतं. १९७० मध्ये रिम, पाइन्स आणि वॉ या तिघांनी रेडिओझटक्यांची अशी मालिका रचली की स्पिनांमधल्या ओढाताणीचं चिन्हच उलटं व्हावं. ओसरलेली लाट तिथेही परत आली. निवले म्हणून ज्यांच्या नावे तापमान लिहून ठेवलं होतं ते स्पिन निवलेले नव्हतेच, निवल्यासारखे होते.

हा फरक नेमका कशात आहे, आणि तो कोणाला, कधी, किती कष्टानं ओळखता येतो, हा प्रश्न तेव्हापासून माझ्याबरोबर आहे.

निवलेली वस्तू म्हणजे काय, हे भौतिकशास्त्रात फार थोडक्यात सांगता येतं. जोसाया विलार्ड गिब्ज यांनी १९०२ मध्ये त्याची घडी बसवून दिली. वस्तूच्या ज्या स्थितीची ऊर्जा जास्त, ती सापडायची शक्यता कमी, आणि किती कमी ते तापमान ठरवतं. वस्तू काल कुठे होती, कोणी ढवळली, कशाच्या आधी काय झालं, यातलं काही त्या सूत्रात येत नाही. पुंजयामिकीतही, म्हणजे क्वांटम मेकॅनिक्समध्येही, सूत्र तेच राहतं, फक्त संख्यांच्या जागी मोठाल्या सारण्या येतात. निवणं म्हणजे स्वतःचा इतिहास पुसला जाणं.

अशा खऱ्या निवलेल्या वस्तू एकमेकींपासून वेगळ्या ओळखणं सहसा अवघड नसतं, आणि ही गोष्ट मला आजही सुखद वाटते. तापमान वेगळं असेल तर साधा थर्मामीटर फरक सांगतो. तापमान तेच आणि आतल्या कणांची ओढाताण वेगळी असेल तरी, ती ओढाताण शेजाऱ्या-शेजाऱ्यांतलीच असेल तर, थोड्या थोड्या कणांच्या छोट्या मोजण्यांवरून ती शोधून काढता येते. एनेश बक्षी, ॲलन लिऊ, अंकुर मोइत्रा आणि यूविन टँग यांनी २०२३ मध्ये दाखवलं की कुठल्याही ठरावीक तापमानाला हे काम आवाक्यातल्या वेळात होतं. शितावरून भाताची परीक्षा करता येते असं आपण म्हणतो. खरोखर निवलेल्या वस्तूच्या बाबतीत ती म्हण जवळजवळ प्रमेय आहे.

अडचण येते ती शिताला फसवता येतं म्हणून. प्रत्येक शीत तपासावं तर अगदी निवलेलं, दोन-दोन मिळून तपासावीत तरी निवलेली, आणि अख्खं भांडं मात्र वेगळंच, असं होऊ शकतं. किंबहुना तेच जास्त वेळा होतं. डॉन पेज यांनी १९९३ मध्ये काढलेल्या हिशोबाप्रमाणे पुष्कळ क्यूबिटांची (क्यूबिट म्हणजे क्वांटम संगणकाचा बिट) कुठलीही एक शुद्ध, म्हणजे जराही विस्कळीतपणा न मिसळलेली, स्थिती वाटेल तशी उचलली तर तिचा अर्ध्याहून लहान कुठलाही तुकडा जवळजवळ पूर्ण विस्कळीत दिसतो. अख्ख्या स्थितीची एन्ट्रॉपी शून्य, तुकड्याची जास्तीत जास्त. सगळी सुसूत्रता कणांच्या आपसांतल्या गुंफणीत, म्हणजे एंटँगलमेंटमध्ये, जाऊन बसलेली असते. एकेक कण विचारला तर त्याला सांगण्यासारखं काहीच नसतं.

मग अख्खं भांडं एकदम तपासावं की.

तपासता येतं, निदान कागदावर. दोन क्वांटम स्थितींपैकी एक दिली आहे, कुठली ते ओळखा, हा प्रश्न कार्ल हेल्स्ट्रॉम यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस कायमचा सोडवून ठेवला. दोन स्थितींमधलं अंतर एका संख्येनं मोजायचं. ते शून्य असेल तर ओळखणं म्हणजे नाणं उडवणं, आणि पूर्ण एक असेल तर ओळख कधीच चुकत नाही. मधल्या अंतराला मधलं यश. फोटॉनच्या ध्रुवणाचा कोन एक तर ० अंश आहे किंवा ४५ अंश, दोन्ही शक्यता सारख्या, तर जगातल्या सगळ्यात हुशार मोजणीलाही १०० पैकी सरासरी ८५ वेळाच बरोबर सांगता येतं. त्याहून पुढे जाण्याची मुभा निसर्गच देत नाही. आणि तेवढं यश नक्की मिळवून देणारी मोजणी कुठली, हेही हेल्स्ट्रॉम यांच्या सूत्रातून निघतं.

पाण्यातून दूध वेगळं काढणाऱ्या राजहंसाची कल्पना आपल्याकडे आहे, नीरक्षीरविवेकाची. हेल्स्ट्रॉम यांची मोजणी म्हणजे तो हंस. तो आहे हे सिद्ध झालेलं आहे. मला विद्यार्थिदशेत वाटायचं की प्रश्न इथेच संपला. स्थिती वेगळ्या असतील तर वेगळं सांगणारी मोजणी असतेच, म्हणजे फरक कळायलाच हवा. हंस आहे म्हणजे तो आपल्या दारात येईल, अशी ती समजूत होती.

हिशोब करून बघितला की ती समजूत गळून पडते. क्वांटम संगणकावर कुठलीही मोजणी करायची तर ती छोट्या छोट्या क्रियांच्या साखळीतून रचावी लागते, एका वेळी एखाद-दुसऱ्या क्यूबिटवर. क्यूबिट n असतील तर मोजण्यांचं एकूण विश्व इतकं अफाट असतं की आवाक्यातल्या लांबीच्या साखळ्या त्याचा नखाएवढाही भाग व्यापत नाहीत. बहुतेक मोजण्यांना लागणारी साखळी n बरोबर घातांकानं वाढते. हंसाची चोच कशी असावी याचं चित्र आपल्याकडे असतं, आणि ती घडवायला विश्वाचं वय पुरत नाही.

समोर काय आहे याचा काहीच अंदाज नसेल तर आणखी वेगळी पंचाईत होते. दिलेली वस्तू पूर्ण विस्कळीत आहे की त्यापासून बरीच दूर आहे, एवढंच सांगायचं. तिच्या हव्या तितक्या प्रती मिळतील, मोजणीच्या क्षमतेवर काही बंधन नाही. रायन ओ'डॉनेल आणि जॉन राइट यांनी २०१५ मध्ये दाखवलं की तरीही लागणाऱ्या प्रतींची संख्या स्थितीच्या मितीइतकी, म्हणजे २ चा n वा घात याच्या पटीत असते. दर मायक्रोसेकंदाला एक प्रत मिळते असं धरू. ५० क्यूबिट असतील तर सुमारे ३६ वर्षं लागतील, म्हणजे एका माणसाच्या नोकरीचा काळ. १०० क्यूबिट असतील तर विश्वाच्या आजवरच्या वयाच्या जवळपास ३० लाख पट. क्यूबिट फक्त दुप्पट झाले आणि नोकरीचा हिशोब कुठल्या कुठे गेला. असे आकडे मी शिकवताना फळ्यावर पूर्ण शून्यांसकट लिहिते. घातात लिहिले की ते फार शहाण्यासारखे दिसतात आणि मनाला लागत नाहीत.

इथपर्यंत कोणी म्हणेल की अडचण माहितीच्या कमतरतेची आहे. वस्तू कशी बनवली हे माहीत असतं तर ओळखली असती. एडविन जेन्स यांनी १९५७ मध्ये ऊष्मागतिकीकडे याच नजरेनं बघायला शिकवलं. एन्ट्रॉपी म्हणजे आपल्याकडे नसलेली माहिती. मी कित्येक वर्षं हेच शिकवत आले, मनापासून. आता ते मला अपुरं वाटतं, आणि का ते एका उदाहरणानं सांगते.

१० लाख स्पिनांची एक पेटी घ्या. बाहेर चुंबकीय क्षेत्र नाही, म्हणून वर तोंड केलेला स्पिन आणि खाली तोंड केलेला स्पिन यांची ऊर्जा सारखीच. अशा पेटीची निवलेली स्थिती म्हणजे प्रत्येक स्पिनसाठी स्वतंत्रपणे नाणं उडवलेलं. आता दुसरी पेटी. तिच्यात नाणं फक्त २५६ वेळा उडवलं. ते २५६ छाप-काटे ही किल्ली. ती एका जाहीर, सगळ्यांना माहीत असलेल्या यंत्रात घातली आणि यंत्रानं घुसळून घुसळून १० लाख वर-खाली काढून दिले. बँकेचे व्यवहार आणि आपले निरोप झाकायला जी तंत्रं वापरतात, त्यांतलंच हे यंत्र.

या दोन पेट्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिलीची एन्ट्रॉपी १० लाख बिट, दुसरीची फार तर २५६. हेल्स्ट्रॉम यांच्या मापानं दोघींमधलं अंतर एकाच्या इतकं जवळ आहे की ते एकाहून वेगळं दाखवता येणार नाही, म्हणजे हंस त्या दोघींत कधीच गोंधळणार नाही. आणि माहितीची कमतरता कुठेही नाही! यंत्र जाहीर आहे, रीत जाहीर आहे, पेटी समोर उघडी आहे. हव्या त्या किल्ल्या घालून बघा, एखादी जुळली तर पेटी बनावट, एकही जुळली नाही तर खरी. फक्त किल्ल्या २ चा २५६ वा घात इतक्या आहेत. लव ग्रोव्हर यांनी १९९६ मध्ये शोधलेली क्वांटम शोधपद्धत वापरली तर ते काम २ चा १२८ वा घात इतक्या पावलांवर येतं. सेकंदाला १०० कोटी पावलं टाकली तरी साधारण १ वर २२ शून्यं इतकी वर्षं.

स्पिन नुसते वर-खाली न ठेवता क्वांटम गुंफणीतही घालता येतात. झेंगफेंग जी, यी-काई लिऊ आणि फांग सोंग यांनी २०१८ मध्ये अशा स्थिती रचल्या की छोट्या किल्लीतून निघालेली शुद्ध स्थिती आणि सगळ्या शुद्ध स्थितींतून आंधळेपणानं उचललेली स्थिती यांत, कितीही प्रती हातात दिल्या (आवाक्यातल्या संख्येनं), तरी आवाक्यातल्या वेळात फरक सांगता येऊ नये. याला एक गृहीत लागतं, क्वांटम संगणकालाही उलटवता न येणारी कोडी असतात हे. ते आजवर सिद्ध झालेलं नाही. जॉन वॉट्रस यांनी २००२ मध्ये या ओळखण्याच्या प्रश्नाला गुंतागुंतीच्या शास्त्रात, म्हणजे कुठल्या कामाला किती पावलं लागतात याच्या अभ्यासात, स्वतःचं घर दिलं. दोन क्वांटम परिपथ दिले आहेत, त्यांतून निघणाऱ्या स्थिती जवळच्या आहेत की दूरच्या, हा प्रश्न त्या अख्ख्या वर्गाचा प्रतिनिधी ठरतो. तो क्वांटम संगणकालाही सर्वसाधारणपणे झेपणार नाही असाच जाणकारांचा कल आहे.

आता त्या दोन पेट्यांकडे परत येते, कारण माझं खरं मन तिथे अडकलेलं आहे.

लिओ शिलार्ड यांनी १९२९ मध्ये दाखवलं की एका बिटाची माहिती असेल तर भोवतालच्या उष्णतेतून ठरावीक काम काढून घेता येतं. रॉल्फ लांडाउअर यांनी १९६१ मध्ये त्याची दुसरी बाजू सांगितली. बिट पुसायचा तर निदान तेवढीच ऊर्जा उष्णता म्हणून सोडावी लागते. ३०० केल्व्हिनला ती सुमारे २.९ गुणिले १० चा उणे २१ वा घात ज्यूल भरते. एका स्पिनसाठी अगदी नगण्य, पण एक मोल, म्हणजे साधारण ६ वर २३ शून्यं इतके, स्पिन असतील तर १,७०० ज्यूलच्या आसपास. कोणता स्पिन वर आणि कोणता खाली हे माहीत असलेली पेटी म्हणूनच इंधन असते. स्पिनांना पसरू द्यायचं, निवू द्यायचं, आणि त्या निवण्यातून काम करून घ्यायचं. खरोखर निवलेली पेटी म्हणजे राख. तिच्यातून काही निघत नाही.

मग बनावट पेटी इंधन की राख?

ज्याच्याकडे किल्ली आहे त्याच्यासाठी ती भरलेली टाकी आहे. किल्ली यंत्रात घालायची, यादी मिळवायची, खाली तोंड केलेले सगळे स्पिन वर वळवायचे आणि इंजिन चालवायचं. किल्ली नाही त्याच्यासाठी ती राख आहे, आणि ही राख 'जणू काही' या अर्थाची राख नाही. समजा किल्लीशिवायच कोणी तिच्यातून आवाक्यातल्या वेळात काम काढून दाखवलं. त्याचं तेच इंजिन खऱ्या निवलेल्या पेटीला जोडलं तर ते हलणार नाही, कारण तिथे ऊष्मागतिकीचा दुसरा नियम आड येतो. म्हणजे इंजिन हललं तर पेटी बनावट, हललं नाही तर खरी. ज्या फरकाला विश्वाचं वय पुरत नाही असं आत्ताच म्हटलं, तो त्या इंजिनानं झटक्यात सांगितला असता. तेव्हा असं इंजिन बनत नाही. तो दुसरा नियम इथे गुप्तलेखनाच्या खांद्यावर उभा आहे.

हे पहिल्यांदा स्वतः मांडून बघितलं त्या रात्री मला झोप आली नाही. उष्णता ही वस्तूचा गुण आहे असं आपण लहानपणापासून धरून चालतो. जेन्स म्हणाले की ती वस्तू आणि तिच्याकडे बघणाऱ्याची माहिती यांच्यामधली गोष्ट आहे. पण या पेट्यांसमोर बसलेल्या माणसाला सगळी माहिती आहे. त्याच्याकडे वेळ नाही. एन्ट्रॉपीच्या व्याख्येत वेळ कुठेच लिहिलेला नाही, आणि इंजिनाच्या दांड्यावर मात्र तोच जाणवतो. माझ्या मते ऊष्मागतिकीच्या पाठ्यपुस्तकात गुंतागुंतीचं एक प्रकरण असायला हवं, आणि ते परिशिष्टात नको, एन्ट्रॉपीच्या लगेच मागे हवं.

सगळ्याच तापमानांना हा खेळ सारखा रंगत नाही, हेही सांगायला हवं. पुरेशा वरच्या तापमानाला, शेजाऱ्यांपुरती ओढाताण असलेल्या स्पिनांच्या निवलेल्या स्थितीत एंटँगलमेंट नुसतं कमी होत नाही, पूर्ण नाहीसं होतं, असं वर उल्लेखलेल्या त्याच चौघांनी २०२४ मध्ये सिद्ध केलं, आणि अशी स्थिती सहज बनवताही येते. थंड टोकाला चित्र उलटं. अलेक्सेई किताएव यांनी १९९९ च्या सुमारास दाखवलं की अशा स्पिनांची किमान ऊर्जा किती हे शोधणं सर्वसाधारणपणे क्वांटम संगणकालाही अवघड असावं. मग निसर्ग तरी ती कशी शोधणार? तो नेहमी शोधतही नाही. काच हे त्याचं रोजचं उदाहरण. गार होता होता अर्ध्या वाटेत अडकलेली, स्फटिक व्हायचं राहून गेलेली.

यातलं सगळ्यात टोकाचं उदाहरण आकाशात आहे. स्टीफन हॉकिंग यांनी १९७४ मध्ये सांगितलं की कृष्णविवरातून उष्णतेचं प्रारण बाहेर पडतं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान केल्व्हिनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी भरतं, आणि आटून संपायला त्याला १० चा ६७ वा घात इतकी वर्षं लागतील. ते प्रारण खरोखर निवलेलं आहे की निवल्यासारखं, हा गेल्या अर्धशतकातला मोठा वाद. खरोखर निवलेलं असेल तर आत पडलेल्या प्रत्येक गोष्टीचा इतिहास पुसला गेला, आणि पुंजयामिकी तर सांगते की काहीच पुसलं जात नाही. निवल्यासारखं असेल तर सगळं काही त्या मंद उजेडात गुंफलेलं आहे. दुसऱ्या बाजूनं विचार केला तर २०१२ मध्ये वेगळाच पेच निघाला. एखाद्यानं तो उजेड गोळा करून त्यातली गुंफण उलगडली आणि मग आत उडी मारली, तर त्याला पुंजयामिकीत न बसणारी गोष्ट बघायला मिळेल.

डॅनियल हार्लो आणि पॅट्रिक हेडन यांनी २०१३ मध्ये विचारलं, उलगडायला वेळ किती लागेल? उत्तर, कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीबरोबर घातांकानं वाढणारा. सूर्याएवढ्या कृष्णविवराची एन्ट्रॉपी १० चा ७७ वा घात या पातळीची. २ चा तितकावा घात ही संख्या लिहून काढायला विश्वातले अणू पुरतील इतकाच दिलासा. उलगडा व्हायच्या कितीतरी आधी कृष्णविवर आटून गेलेलं असेल आणि उडी मारायला काही उरलेलंच नसेल. त्यांच्या युक्तिवादाची मुळं वॉट्रस यांच्या त्याच ओळखण्याच्या प्रश्नाच्या वर्गात जातात. वाद यानं मिटला असं कोणी म्हणत नाही. पण दोन स्थिती वेगळ्या सांगणं अवघड आहे म्हणून अवकाश-काळ फाटत नसेल, असं म्हणायची वेळ यावी, हे मला अजूनही अंगावर काटा आणणारं वाटतं.

आता ते यंत्र माझ्या विद्यार्थ्यांसाठी मी लावते. चुंबक बदलला, ऑसिलोस्कोपची रेषा रंगीत झाली, नळी तशीच बोटाएवढी आहे. रेषा सपाट झाली की मी काही बोलत नाही. बहुतेक जण मी लिहिलं होतं तेच लिहितात. मग दुसरा झटका, फुगवटा, आणि मग तासभर कोणी जागचं हलत नाही.

परवा एका मुलीनं दुसरा झटका लांबवत लांबवत नेला. फुगवटा दर वेळी थोडा खुजा होत गेला, आणि एका जागी तो दिसेनासा झाला. पाण्याचे रेणू इकडून तिकडे सरकत असतात, शेजारच्या प्रोटॉनांची भर पडते, आणि या एका झटक्यानं ते उलटवता येत नाही. "मॅडम, आता खरंच निवले ना?" तिनं विचारलं.

मी तिला १९७० चा प्रयोग सांगितला. नंतर कार आणि पर्सेल यांनी १९५४ मध्ये एकामागून एक झटके देण्याची जी रीत काढली तीही सांगितली, कारण तिच्यानं रेणूंच्या सरकण्याचा बराचसा परिणाम टाळता येतो. तिनं ती लगेच लावून बघितली. दोन-दोन मिलिसेकंदांवर झटक्यांची रांग, आणि मघाशी जिथे रेषा मेली होती त्याच्या पलीकडेही छोटे छोटे फुगवटे उभे राहिले. ती मोजत गेली. एकतिसाव्याला रेषेची थरथर आणि फुगवटा यांत फरक करता येईना. तिनं डोकं पडद्याजवळ नेलं, मग मागे घेतलं. वही ओढली आणि लिहिलं, "३१ व्या झटक्यानंतर रेषा सपाट झाली." पेन तसंच धरून ती क्षणभर थांबली, आणि झटक्यांमधलं अंतर एक मिलिसेकंदावर आणायला बटणाकडे वळली.